लेफ्ट आउटची बहीण

सोलापुरातल्या आमच्या फुटबॉल क्लबचा इतिहास एका पानात लिहून दे, एवढंच काम माझ्याकडं आलं होतं. माझं कोर्टाजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करतो, शिवाय सहा वर्षं क्लबकडून लेफ्ट बॅक खेळलोय, म्हणून सभेत सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मीही हो म्हणून बसलो. रविवारच्या दुपारी बसलं की उरकेल असं वाटलं होतं. चौदा महिने लागले.

नोंदणीची फाइल जिवंत करायची होती, तिथून सगळं सुरू झालं. आमच्यासारखा क्लब दोन ठिकाणी नोंदलेला असतो: सोसायटी म्हणून १८६० च्या कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून १९५० च्या कायद्याखाली. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. आमच्याकडून तो कित्येक वर्षं दिलाच गेला नव्हता. चूक सगळी आमची. निवड व्हायची, हार घातले जायचे, चहा व्हायचा आणि कागद राहून जायचा. परिशिष्ट एकचा उतारा काढला तर त्यावरचे विश्वस्त एक सोडून सगळे वारलेले. मृत्यूचे दाखले गोळा करण्यात अख्खा पावसाळा गेला.

त्याच उताऱ्यानं पहिली पंचाईत केली. नोंदणीचं साल महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचं. आमच्या जर्सीवर, लेटरहेडवर आणि ढालींच्या कपाटावर मात्र स्वातंत्र्याच्या आधीचं साल रंगवलेलं. सभेत आवाज चढले. अध्यक्ष म्हणाले, लोगोवरचं साल हलवायचं नाही, वडीलधाऱ्यांनी लिहिलंय. सेक्रेटरी म्हणाला, सरकारी कागदावर एक आणि छातीवर दुसरं, हे चालणार नाही. दोघांचंही खरं होतं. मी म्हणालो, थांबा, विचारून बघतो.

विचारायला म्हणजे जुन्या खेळाडूंकडं. नव्वदीच्या उंबऱ्यावर असलेले चौघे हाताशी होते. पहिल्याला विचारलं, क्लब कधी निघाला? त्यांनी लोगोवरचं साल सांगितलं. दुसऱ्यांनी तेच. तिसरे आप्पा. त्यांच्या घरी भिंतीवर आमच्या जर्सीतला त्यांच्या नातवाचा फोटो होता. ते बोलता बोलता त्या फोटोकडं बघत होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं, ही माणसं आठवून सांगत नाहीत, वाचून सांगतायत.

मग प्रश्न बदलला. साल विचारणं सोडून दिलं. बॉलला फीत होती का? पायात काय होतं? गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वरची जत्रा, भरायच्या आधीची गोष्ट की नंतरची? गिरणीचा भोंगा वाजत होता का बंद होता? सोलापूरच्या जुन्या माणसाला तारीख विचारली तर तो गप्प होतो, भोंगा विचारला की तासभर बोलतो. कोणाच्या क्लबचा, तालमीचा, मंडळाचा इतिहास लिहायचा असेल त्यांना मी हेच सांगेन.

गोलकी चाचांकडं, म्हणजे आमच्या जुन्या गोलकीपरकडं, मी सगळ्यांत जास्त गेलो. शास्त्रीनगरला राहतात. नजर अधू झालीय, पण बोटं अजून बॉल धरल्यासारखी उघडी ठेवून बसतात. पहिल्या दिवशी म्हणाले, "काय बे, काय लिहालास? आमचं काय लिहिण्यासारखं हाय?" मग त्यांनी बॉल सांगितला. चामड्याच्या कातड्यात रबरी ब्लॅडर, तोंड फितीनं आवळलेलं. पावसात कातडं पाणी प्यायचं आणि बॉल दगडासारखा व्हायचा. फितीची बाजू कपाळावर बसली तर वळ उठायचा. सामना सत्तर मिनिटांचा. बहुतेकांचे पाय अनवाणी, चवड्याला पट्टी गुंडाळलेली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपल्या संघातले कितीतरी जण अनवाणीच खेळले होते. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं दहा गोल घातल्यावर फेडरेशननं बूट सक्तीचे केले. चाचांच्या पायात त्यानंतरही बरीच वर्षं बूट आले नाहीत. पहिले बूट एका पोलीस खेळाडूनं वापरून टाकलेले होते, पुढं कापूस कोंबून घातलेले.

आणि पहिला बॉल कुठून आला, हे विचारल्यावर त्यांनी सांगितलं, "फौजेचा. रझाकाराच्या साली फौज इथं उतरली होती. जवान संध्याकाळी खेळायचे, आम्ही पोरं बॉल आणून द्यायचो. एक दिवस फौज पुढं गेली, बॉल आमच्याजवळच राहिला."

ही गोष्ट मला इतकी आवडली की लगेच लिहून टाकावी असं वाटलं. पण प्रतिज्ञापत्रं टाइप करून एक सवय लागलीय, तारखेशिवाय पुढं जायचं नाही. हैदराबादवरच्या पोलीस कारवाईत मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालची फौज १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेनं निघाली आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. म्हणजे चाचांचा बॉल त्या आधीच्या दिवसांतला. चाचा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. जुळत होतं. लोगोवरचं साल मात्र घसरलं.

बॉल आला म्हणून क्लब निघाला असं होत नाही. त्याचा धागा आप्पांनी दिला. त्यांचा थोरला भाऊ जुन्या गिरणीत होता. म्हणाले, "गिरणी पहिल्यांदा बंद पडली ना, तेव्हा सगळे घरी. करायचं काय? रोज सकाळ-संध्याकाळ खेळायचे. तेव्हाच टीम झाली खरी."

जुनी गिरणी पहिल्यांदा कधी बंद पडली? हे मी घरी जेवताना बोललो. भाची कायद्याचं शिकते. ती ताटावरनं उठलीच. "मामा, ही केस आम्हाला अभ्यासाला आहे." चरणजीत लाल चौधरी विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, १९५०. मूलभूत हक्कांवरचा हा निकाल देशभरातले विद्यार्थी वाचतात आणि त्यात आपल्या सोलापूरची गिरणी आहे, हे मला माहीत नव्हतं. निकालात सरळ लिहिलंय: २७ ऑगस्ट १९४९ ला गिरणी बंद झाली, ९ जानेवारी १९५० ला सरकारनं वटहुकूम काढून ती ताब्यात घेतली. मधले साडेचार महिने. आमची टीम त्या साडेचार महिन्यांत झाली. हजारो घरांत तेव्हा चूल कशी पेटत असेल याचा विचार मनात येतोच. पण रिकाम्या हातांना त्या मैदानानं धरून ठेवलं, हेही खरं आहे.

चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती पानात बसली नाही, इथं लिहितो. हैदराबाद सिटी पोलीसनं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत रोव्हर्स कप जिंकला. हैदराबादहून मुंबईला जाणारी गाडी सोलापूरवरनं जाते. चाचा आणि दोघं-तिघं नुसते गाडी बघायला स्टेशनावर जायचे. एकदा डब्याच्या दारात उभ्या असलेल्या एका उंच माणसानं हात केला. तो खेळाडू होता की कोणी प्रवासी, हे त्यांना आजही ठाऊक नाही. ते मात्र त्याला खेळाडूच समजतात, आणि मीही तसंच समजायचं ठरवलंय.

आता पैशाचा भाग. आमच्या कमिटीतली तरुण मुलं क्लबला सेमी-प्रोफेशनल म्हणतात. तीन-चार खेळाडूंना आम्ही मॅचचे पैसे आणि प्रवासखर्च देतो, बाकीचे नोकऱ्या सांभाळून फुकट खेळतात. फेडरेशनच्या सीआरएसवर, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणीवर, मुलांची नावं भरताना दाखले जुळवता जुळवता रात्री जातात, पण तो विषय वेगळा. प्रश्न असा निघाला की पैसे द्यायला क्लबनं सुरुवात कधी केली? ज्येष्ठ मंडळी एकसुरात म्हणाली, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आम्ही मातीसाठी खेळलो.

कीर्द, म्हणजे क्लबच्या जमाखर्चाची वही, सापडली ती याच सुमाराला. जुन्या खजिनदारांच्या सूनबाईंनी साखर पेठेतल्या घरात माळा आवरायला काढला आणि मला बोलावलं. फाटक्या चादरीत गुंडाळलेली लाल कापडी पुठ्ठ्याची कीर्द. पहिली पानं वाळवीनं खाल्लेली, वर साल कुठंच नाही, नुसती तिथी. पण रकमांनीच काळ सांगितला. सुरुवातीला रुपये-आणे-पै, आणि मध्येच एका पानापासून 'न. पै.'. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला सुरू झाले आणि १९६४ ला त्यातला 'नवे' हा शब्द गळला. म्हणजे ही वही १९५७ च्या अलीकडं-पलीकडं पसरलेली. खेळाडूंच्या जागांची नावंही त्या काळाची: राइट इन, लेफ्ट आउट, सेंटर हाफ. दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड, अशी जुनी मांडणी.

खर्चाच्या बाजूला ब्लॅडर, फक्की, टांगाभाडं, लिंबं आणि दर सामन्याला दोन अक्षरं: 'बु. पा.' त्यापुढं खेळाडूची जागा आणि रक्कम. आम्ही बरंच डोकं चालवलं. कोणी म्हणालं बूट पॉलिश, कोणी म्हणालं बुधवार पेठ. चाचांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बुडाली पाळी."

सामना कामाच्या दिवशी आला की खेळाडूची पाळी बुडायची, हजेरी जायची. बदली कामगाराला तर त्याच्या जागी दुसरा मिळाला की पुढचे काही दिवस गेटवरूनच परत यावं लागायचं. त्या बुडालेल्या पाळीचे पैसे क्लब द्यायचा. सगळ्यांना नाही, ज्यांच्या घरी दुसरी कमाई नव्हती त्यांनाच. खजिनदारांनी ते कोणाला कळू दिलं नाही, म्हणून दोनच अक्षरं.

मी यावर वाचायला लागलो. इंग्लंडच्या सूतगिरण्यांच्या गावांत अगदी हाच तिढा होता. ब्लॅकबर्न हे विणकरांचं गाव. तिथल्या ब्लॅकबर्न ऑलिंपिक या कामगारांच्या संघानं १८८३ ला एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्सला, म्हणजे बड्या घरच्या पोरांना, हरवलं. दोन वर्षांनी, १८८५ ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशननं खेळाडूंना पैसे देणं रीतसर मान्य केलं. रग्बीत तर बुडालेल्या पाळीची भरपाई द्यायची की नाही यावरूनच १८९५ ला उत्तरेकडचे क्लब फुटून निघाले. आणि फिफाचा आजचा नियम सांगतो की लेखी करार असेल आणि खेळण्यासाठी होणाऱ्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळत असतील तरच खेळाडू व्यावसायिक, बाकी सगळे हौशी. बुडाली पाळी भरून मिळणारा माणूस या नियमानं हौशीच ठरतो.

हे सगळं सभेत वाचून दाखवलं तरी ज्येष्ठांपैकी एक जण रागावलेच. "आम्ही पैसे घेऊन खेळलो असं लिहिणार होय? आमच्या नातवंडांनी काय वाचायचं?" मला त्यांच्याशी वाद घालवेना. पण मनातून मला ती दोन अक्षरं सगळ्या ढालींपेक्षा मोठी वाटत होती, आजही वाटतात. कोल्हापुरात एकेका तालमीमागं अख्खी पेठ उभी राहते, शाहू स्टेडियम भरतं. आमच्यामागं पेठ नव्हती, संस्थान नव्हतं, कोणी मोठा शेठ नव्हता. तरी एका खेळाडूच्या घरची चूल विझू नये एवढी काळजी त्या क्लबनं केली.

मग हा पैसा यायचा कुठून, हे बघायला मी जमेची बाजू उघडली. ती तोवर मी वरवर चाळली होती. दर आठवड्याला बारीक रकमा. चार आणे, दोन आणे, पुढच्या पानांवर पंचवीस न. पै. आणि समोर नावं नाहीत, नाती आहेत. गोलकीची आई. सेंटर हाफची आई. राइट बॅकची बायको. लेफ्ट आउटची बहीण. एकूण सतरा जणी.

चाचांना विचारलं, तुमची आई पैसे द्यायची? ते म्हणाले, "अम्मी विड्या वळायची. सगळ्यांच्या घरच्या बायका विड्याच वळायच्या. पगाराच्या दिवशी खजिनदार कारखान्याच्या बाहेर उभे राहायचे." मग जरा वेळानं, "मला वाटलं होतं मी फुकट खेळतो."

या सतरा जणी कोण, हे शोधायला आमच्याकडं होता तो एकच फोटो. खाली नावांची पट्टी होती ती ओल लागून गेलेली. पण जुन्या फोटोत बसायची रीत ठरलेली असायची: खुर्च्यांवर पाच फॉरवर्ड, उजवीकडून डावीकडं आपापल्या जागेनं, मागं हाफ आणि बॅक उभे, गोलकी मधोमध. फोटो मोठा करून चाचांच्या हातात दिला. त्यांना चेहरे दिसत नव्हते. मी जागा सांगायचो, ते माणूस सांगायचे. फोटोतला सेंटर हाफ, मग त्याची गल्ली, मग ते घर आता कुठं गेलं, असं एकेक. लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडल्यावर बरीच घरं पुण्या-भिवंडीला गेली. काही कुंभारीच्या घरकुलात.

विडी कामगार महिलांची कुंभारीची दहा हजार घरांची वसाहत २००६ ला झाली. तिथं लेफ्ट आउटची बहीण भेटली. भाऊ कधीच वारला. अक्कांचं वय अठ्ठ्याहत्तर. दारात मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. आता कारखान्याचं कार्ड सुनेच्या नावावर आहे, पण अक्का बसल्या बसल्या पानं कापून देतात, पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्री फिरवतात. मी सांगितलं कोण, कशाला आलोय. कात्री थांबली नाही.

"तुम्ही सामने बघायला जायचात का?"

"मैदानावर बायका कुठं जात होत्या? जिंकले तर गल्लीच्या तोंडापासनं गलका यायचा. हरले तर हा सायकल ढकलत आणायचा, बसायचा नाही तिच्यावर."

त्यांनी तेराव्या-चौदाव्या वर्षी आईबरोबर कारखान्यात जायला सुरुवात केली होती. हजार विड्यांवर मजुरी, त्यात खराब निघाल्या की छाट. त्यातले पंचवीस पैसे खजिनदारांना. मी माझं पान बरोबर नेलं होतं, तोवर ते जवळजवळ पुरं झालं होतं. अक्कांना वाचून दाखवलं. १९४८ चा बॉल, १९४९ ची गिरणी, बुडाली पाळी, आणि शेवटी हे वाक्य: 'खेळाडूंच्या घरच्या विडी कामगार महिलांनी दर आठवड्याला क्लबला वर्गणी दिली.'

कात्री थांबली. "वर्गणी न्हाई ते. उसनं होतं."

मी बघत राहिलो.

"उसने दिलते आम्ही. बक्षिसाचे पैसे आले की परत करतो म्हणले होते. माझ्या आईला दिले. मला न्हाई दिले. लहान होते ना."

मी खिशात हात घातला, तो त्यांनी कात्रीच्या टोकानंच खाली करायला लावला. "ठेव तुझे पैसे. पण उसनं म्हणून लिही."

त्या रात्री दुकान बंद करून कीर्द पुन्हा पहिल्यापासून बघितली. जमेतल्या काही नोंदींवर शाईची बारीक उभी रेघ होती. आधी मला ती बेरजेची खूण वाटली होती. रेघ असलेल्या प्रत्येक नावाची तेवढीच रक्कम पुढं खर्चाच्या बाजूला होती, 'परत' असं लिहून. पाच जणींची. शेवटच्या ढालीबरोबर रोख बक्षीस मिळाल्याची नोंद आहे, त्याखाली लगेच नवा बॉल आणि अकरा जर्सी. त्यानंतर 'परत' हा शब्द वहीत पुन्हा येत नाही. बारा नोंदी रेघेविना राहिल्यात. खजिनदारांनी पैसे खाल्ले असं मला अजिबात वाटत नाही; पै-पैचा हिशेब आहे. त्यांनी बॉल घेतला, एवढंच.

पुढच्या सभेत मी पान वाचलं. चेंज रिपोर्ट तोवर मंजूर झाला होता, त्यामुळं पानाची कागदोपत्री गरज संपली होती, तरी सगळे शेवटपर्यंत बसले. स्थापनेचं साल १९४९ लिहिलंय, नोंदणीचं साल वेगळं दिलंय, आणि लोगोवरच्या सालाबद्दल अध्यक्ष स्वतःच म्हणाले, नवीन जर्सी शिवू तेव्हा बघू. बुडाली पाळी राहू द्यायची, असं ठरलं. रागावलेले काका यावेळी काही बोलले नाहीत, सभा संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "त्या बारा जणींत राइट बॅकची बायको आहे का रे?" ती त्यांची वहिनी. आहे, म्हणालो.

इतिवृत्तात ठराव लिहिला: 'क्लबकडून बारा जणींचं उसनं येणं आहे.' खाली बारा ओळी सोडल्या, कारण कीर्दीत नाती आहेत, नावं नाहीत आणि ठरावात नावंच हवीत, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. अक्कांचं नाव पहिल्या ओळीवर आहे. आजवर सात ओळी भरल्यात. सेंटर हाफच्या आईचं नाव इथं कोणालाच आठवेना. तिचा पणतू पिंपरीला कंपनीत आहे, त्याचा नंबर काल मिळाला. त्याला रविवारी सुट्टी असते, सकाळी दहानंतर करा म्हणालाय.